तुझी जपानी बाई, माझी सई

ऑगस्ट २०२१, शनिवार सकाळ. सिडनीत ब्लॅकटाउनजवळचं क्रेमेटोरियम.

हजर: तुझा भाऊ श्रीरंग, मी, आमची सई. तुझ्या ऑफिसातली कायली, एकावर एक दोन मास्क लावून. समोरच्या घरातले देशपांडे नवरा-बायको. गुरुजी, जे समई आणि सॅनिटायझर दोन्ही स्वतःचं घेऊन आले. लिंकवर पुण्याहून आई, कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ बसलेल्या की आम्हाला त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. दहा माणसांची परवानगी होती. उरलेल्या जागा मी भरल्या नाहीत. एकाला बोलावलं की वगळलेल्यांची चर्चा सुरू होते, आणि मला त्या दिवशी चर्चा नको होती.

हजेरी घेतल्याबद्दल तू मला पुन्हा कलेक्टरबाई म्हणशील. म्हण. तुझं शिक्षण, नोकरी, हॉस्पिटलात काय झालं, हे सगळं श्रीरंगने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आहे. तुझा फोटोही टाकलाय, तो जांभळ्या साडीतला, जो तुला आवडत नव्हता. मी त्यातलं काही परत लिहिणार नाही. मला तुझ्याशी एक भांडण पूर्ण करायचं आहे. तू मधूनच उठून गेलीस, आणि ती तुझी जुनी सवय होती.

मुद्दा एकच आहे, मेधा. माझी मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते. तुझ्याशी मराठीत बोलायची.

मी त्यासाठी काय काय केलं हे तुला माहीत आहे, पण आज परत ऐक. दर शनिवारी मराठी शाळा, भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, जिथे आमच्या आधी कराटेचा क्लास असायचा आणि चटयांना पायांचा वास यायचा. पुण्याहून मागवलेली गोष्टींची पुस्तकं. फ्रिजवर नियम, घरात मराठी. बोललं की चांदणी, पाच चांदण्या झाल्या की आइस्क्रीम. सई आइस्क्रीम खायची आणि ‘थँक्स मम’ म्हणायची. पुढे तिने चांदण्या स्वतःच्या वहीवरून काढून श्रीरंगच्या लॅपटॉपवर चिकटवल्या आणि तो विषय संपला. मी ‘जेवायला ये’ म्हणायचे, ती ‘इन अ मिनिट’ म्हणायची. असं आमचं द्विभाषिक घर.

मग तू आलीस. पुण्यातून जपानमधलं नागोया, नागोयातून परत पुणे, तिथून सिडनी, आणि शेवटी आमच्या बॅकयार्डातला ग्रॅनी फ्लॅट, जो आम्ही भाड्याने देण्यासाठी बांधला होता. तुझ्या सामानात कपडे कमी होते आणि एक रेकॉर्ड प्लेअर होता. तो तू विमानात मांडीवर घेऊन आलीस म्हणे. त्याच्यासोबत दहा-बारा रेकॉर्ड्स, आणि त्यातही तुझी लाडकी ती एकच. कव्हरवर निळ्या स्वेटरमधली एक बाई, पाठमोरी, घराच्या पायरीवर बसलेली. शेजारी एक रिकामी बादली. गाणी जपानीत, तिनेच लिहिलेली, चाली तिच्याच, गायलेली तिनेच. आवाज असा की जणू ती बाई भांडी विसळता विसळता स्वतःशीच बोलतेय आणि आपण चुकून दाराशी उभे आहोत. तिचं नाव तू मला कितीदा तरी सांगितलंस. मी इथे ते मुद्दाम लिहीत नाही. हेवा करणाऱ्या बाईला तेवढी सूट असावी.

चार ते पाच हा तास तुम्हा दोघींना मीच दिला होता, हे मात्र तुला कबूल करावं लागेल. पहिला लॉकडाउन लागला तेव्हा मी घराचं वेळापत्रक केलं. श्रीरंगचे कॉल डायनिंग टेबलवर, माझे बेडरूममध्ये, सईची ऑनलाइन शाळा तिच्या खोलीत. चार वाजता माझी रोजची अर्ध्या तासाची मीटिंग असायची आणि त्याच वेळी सई शाळा संपवून किचनमध्ये ब्लेंडर लावायची. म्हणून मी त्या चौकोनात लिहिलं, ‘सई: आत्याकडे’. एवढंच. माझा हेतू ब्लेंडर बंद व्हावा हा होता.

पुढे यंदाच्या जूनमध्ये परत सगळं बंद झालं, डोक्यावरून पोलिसांची हेलिकॉप्टर फिरायला लागली, आणि मी तेच वेळापत्रक फ्रिजवर परत लावलं. सईने बाकी एकही चौकोन पाळला नाही. चारला मात्र ती दोन मिनिटं आधीच चपला घालायची.

तुमची पद्धत मला हळूहळू कळली. तू सांगितली नाहीस, सईनेही नाही. कपड्यांची दोरी तुझ्या खिडकीसमोर आहे, त्यामुळे कळली. आधी रेकॉर्डची एक अख्खी बाजू ऐकायची. मधे बोलायचं नाही, फोन उलटा ठेवायचा, आवडतं गाणं आहे म्हणून सुई पुढे न्यायची नाही. मग आतला गाण्यांचा कागद उघडायचा. तू एक ओळ जपानीत वाचायचीस, अर्थ समजावायचीस, आणि मग दोघी मिळून तिची मराठी ओळ करायच्या. शब्द दोघींना पटला तरच पक्का. नाही पटला तर ती जागा तशीच सोडून चहा. इंग्रजीला बंदी नव्हती. तू फक्त सईला सांगितलं होतंस की इंग्रजीतून गेलं तर उगाच लांबून जावं लागतं, मराठीतून रस्ता सरळ आहे. पोरीने हे नकाशा दाखवल्यासारखं ऐकलं. मी दहा वर्षं ‘आपली भाषा, आपली संस्कृती’ म्हणत होते. तू म्हणालीस शॉर्टकट आहे.

एक दुपार मला विसरता येत नाही. मी टॉवेल वाळत घालत होते. थंडी होती, ऊन होतं, शेजारच्यांच्या वॉटलच्या झाडाला पिवळी फुलं आली होती. आत गाणं संपलं होतं आणि तुम्ही कुठल्यातरी शब्दाशी अडल्या होतात. गाण्यातली बाई नवऱ्याकडे पाठ करून खिडकीत बसलीय, असं काहीतरी.

“आत्या, म्हणजे ती सल्क करतेय,” सई म्हणाली.

“सल्क करणारीला एकटं सोडलं तर चालतं,” तू म्हणालीस. “हिला चालणार नाही. कोणीतरी येऊन हिची समजूत काढावी म्हणूनच ही पाठ करून बसलीय. याला जपानीत शब्द आहे. आणि तुझ्याकडे पण आहे. आठव.”

सईने डोळे मिटून घेतले. मी चिमटा हातात धरून उभी. मला उत्तर माहीत होतं. मला खिडकीतून ओरडावंसं वाटत होतं.

“रुसलीय,” सई म्हणाली. मग स्वतःवरच खूश होऊन, “आत्या, ती रुसलीय! आई पण असंच करते ना, डिशवॉशर जोरात लावते तेव्हा?”

तू हसलीस. मोठ्याने नाही, पण मला ऐकू आलं. “तुझी आई फार सुंदर रुसते,” तू म्हणालीस. “पण तुम्ही दोघं बापलेक समजूत काढायला जात नाही, म्हणून तिला डिशवॉशर लावावा लागतो.”

मी टॉवेल तसेच टाकून घरात गेले. मेधा, मला त्या क्षणी इतका राग आला होता की मी खरोखरच डिशवॉशर लावला, अर्धा रिकामा असताना. माझी पोर शब्दासाठी डोळे मिटून बसली होती, आठवायचा प्रयत्न करत होती, आणि तो प्रयत्न मला कधी बघायला मिळाला नव्हता. शब्द माझाच होता. लहानपणी तिला कडेवर घेऊन ‘कोण रुसलंय, कोण रुसलंय’ मी म्हटलं होतं. तो तिच्या आत जिवंत होता आणि तो बाहेर काढलास तू, एका परक्या बाईच्या गाण्याने.

तू मला बोलावत होतीस, हे खरं आहे. “वहिनी, ये ना. एक बाजू म्हणजे वीस मिनिटं. भाताला लागतात तेवढी.” मी म्हणायचे, भात मी लावते आणि निघून जाते, त्याच्यासमोर बसत नाही. तू खांदे उडवायचीस. तुझं हे मला कधी आवडलं नाही. बोलावणं आणि खांदे उडवणं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हाताला धरून न्यायचं नाही. तू स्वतःच म्हणाली होतीस ना, रुसलेल्या माणसाची समजूत काढायला जावं लागतं? तिघं होतात तुम्ही. एक जण आला असता तरी चाललं असतं.

आणि मग ते भांडण. सईचे अकरावीचे विषय. तिला वरच्या पातळीचं मॅथ्स सोडून जपानी घ्यायचं होतं आणि ही गोष्ट मला शाळेच्या ईमेलवरून कळली. मी तडक तुझ्या दाराशी आले. तू पायरीवर कॉफी घेऊन बसली होतीस, अगदी त्या कव्हरवरच्या बाईसारखी, फक्त बादली नव्हती. मी म्हटलं की तू तिच्या डोक्यात हे भरवतेस, तिचे मार्क चांगले आहेत, तिला इंजिनिअरिंगला जाता येईल, उद्या गाण्यांची भाषांतरं करून घर चालणार नाही, आणि तू स्वतः जपानी शिकून शेवटी कंपनीचे मेल इकडून तिकडेच केलेस ना.

हे शेवटचं वाक्य तुला लागलं असणार. तू दाखवलं नाहीस. कॉफीचा घोट घेतलास आणि म्हणालीस, “वहिनी, तिला जपानी नकोय गं. तिला तो तास हवाय. शाळा परत सुरू झाली की तो जाईल म्हणून घाबरलीय ती. विषय घेतला तर तास राहील, असा तिचा हिशोब आहे. तुझीच मुलगी आहे, वेळापत्रकात जागा करून ठेवतेय.”

मी म्हटलं, तो तास मीच दिला होता.

“मग तूच घे ना त्यातला अर्धा,” तू म्हणालीस. तेवढ्यात आत रेकॉर्ड संपली, सुई नुसतीच कर्रकर्र करायला लागली. “बाजू उलटून आले,” म्हणालीस आणि आत गेलीस. मला मीटिंगचा फोन आला, मी वळले. तू बाहेर आलीस का, मला माहीत नाही. त्या आठवड्यात आपण पुन्हा बोललो ते फक्त दुधाबद्दल आणि कचऱ्याच्या लाल डब्याबद्दल. पुढचा आठवडा तुला मिळालाच नाही.

फ्यूनरलवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी पेन घेऊन बसले. त्यांनी सांगितलं, तीन गाणी लागतात: लोक आत येताना, मधे सगळे शांत बसतात तेव्हा, आणि बाहेर पडताना. आत येताना स्तोत्र. बाहेर पडताना बासरी. मधल्यासाठी मी तुझ्या जपानी बाईची तीच रेकॉर्ड इंटरनेटवर शोधून काढली. माझे निकष सरळ होते. संथ हवं, पियानो हवा, ढोल-ड्रम नकोत, चार मिनिटांच्या आत बसायला हवं. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं सगळ्यांत बसलं. सईला विचारायला हवं होतं, पण सई दोन दिवस ग्रॅनी फ्लॅटचं दार आतून लावून होती आणि त्या बाईंना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

गाणं सुरू झालं. काय सांगू तुला, फार छान वाटलं गं. त्या थंडगार हॉलमध्ये तो आवाज पसरला आणि देशपांडे वहिनींनी डोळे टिपले. गुरुजींनी हात जोडले. कायलीने छातीवर हात ठेवला. श्रीरंगची मान खाली गेली ती वर आलीच नाही. लिंकवर आईंचं कपाळ सरकून गेलं आणि छताचा पंखा दिसायला लागला. मला वाटलं, हे मी बरोबर केलं. निदान हे तरी. मग सईचे खांदे हलायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं, मास्कच्या वर डोळे पाण्याने भरलेले, आणि माझ्या लक्षात आलं की ती हसतेय. हसू थांबवायचा जिवापाड प्रयत्न करतेय आणि रडतेय आणि हसतेय.

गाडीत बसल्यावर तिने सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. ते गाणं दातांच्या डॉक्टरबद्दल आहे. एक बाई दवाखान्यात नंबर लावून बसलीय आणि आपलं नाव पुकारलं जाऊ नये म्हणून एका जुन्या मासिकातली पाककृती परत परत वाचतेय. शेवटच्या कडव्यात तिची दाढ दुखायची आपोआप थांबते आणि ती हळूच पळून जाते.

श्रीरंगने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं तो चिडला. तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता. मग त्याने ती गोष्ट सांगितली, की लहानपणी टिळक रोडवरच्या दवाखान्यातून तू तोंडात कापसाचा बोळा असताना खुर्चीवरून उतरून थेट घरापर्यंत पळाली होतीस आणि आई मागून पर्स घेऊन धावत होत्या. सईला ही गोष्ट माहीत होती. तू तिला गाण्याच्या वेळीच सांगितली होतीस. दोघं एकमेकांना त्यातले तुकडे सांगायला लागले, बोळा केवढा होता, चप्पल कुठली राहिली. गाडीत तीन माणसं होती आणि त्यातल्या दोघांकडे तू होतीस. मी मागे वळून गाड्या येतायत का ते बघत होते, कारण कोणीतरी बघायला हवं होतं.

तर, मेधा, तुझ्या निरोपाला मी चुकीचं गाणं लावलं आणि ते तुला सगळ्यात जास्त आवडलं असतं. याबद्दलही माझा तुझ्यावर राग आहे. तू नसतानासुद्धा माझ्या कार्यक्रमात तुझाच विनोद झाला.

तेरा दिवस उरकल्यावर मी ग्रॅनी फ्लॅट आवरायला घेतला. खोके आणले, त्यांवर लिहिलं, ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. तुझी खोली आवरलेलीच होती म्हणा. एका मगमध्ये कॉफी वाळलेली. सई जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, मांडीवर ते निळ्या स्वेटरचं कव्हर. मी कपाट उघडणार एवढ्यात ती म्हणाली की आधी एक बाजू ऐकू या. विचारलं नाही, सांगितलं. माझ्या हातात चिकटपट्टी होती. मी ती खाली ठेवली.

बसले. गुडघा आधी तयार नव्हता, मग झाला. सईने सुई ठेवली. कशी ठेवते ती आता, बोट जराही न थरथरता, हे तू शिकवलंस. दोन गाण्यांच्या मधे लाँड्रीतलं मशीन संपल्याची घंटा घरातून ऐकू आली आणि माझं अंग आपोआप उठायला निघालं. सईने माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात बाजू संपेपर्यंत तिथेच होता. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. नखांवर अर्धवट उडालेलं जांभळं नेलपॉलिश, तुझ्या बाटलीतलं.

मला ती गाणी आवडली, मेधा. हे तुला ऐकायचं असेल तर ऐक. रुसलेल्या बाईचं तर फारच आवडलं. वीस मिनिटांत मला एकही काम आठवलं नाही, हे माझ्यासाठी नवीन आहे. तू माझ्या मुलीला बंद शहरात एक उघडी जागा दिलीस आणि त्याबद्दल मी तुझे आभार मानते, मनापासून मानते. पण हेवा काही कमी होत नाही. आभार एकीकडे आणि तो एकीकडे, दोन्ही आपापल्या जागी बसलेत.

कारण मग तिने गाणी मला समजावून सांगितली. छान सांगितली. शांतपणे, एकेक ओळ, माझ्याकडे बघून. इंग्रजीत. ‘शी इज सॉर्ट ऑफ वेटिंग, बट नॉट रिअली,’ असं. मी मान हलवत होते, आणि मला माहीत होतं की याच ओळींची मराठी तिच्याजवळ तयार आहे, तुम्ही दोघींनी चहा पिऊन पिऊन पक्की केलेली. ती मला देत नव्हती असं नाही. तिला वाटलंच नसेल की आईला ती हवी असेल. आईशी बोलायची भाषा तिच्या मते इंग्रजीच. किंवा ती मराठी तुझी आणि तिची आहे, आणि ती मलाच काय, कुणालाच ती देणार नाही. यातलं खरं काय, ते मला कळत नाही. विचारावं लागेल.

कपाट रिकामं झालं. पुस्तकं कायली घेऊन गेली, दारातूनच, लांबून. अकरावीचे विषय सईने भरले, जपानी आहे, मॅथ्सही आहे, मी सही केली. आईंशी रोज बोलणं होतं. बँक झाली, फोन बंद केला, तुझ्या रोपांना पाणी सुरू आहे. रेकॉर्डची दुसरी बाजू राहिली आहे.

त्याच्या आधी मला सईला एक गोष्ट म्हणायची आहे: या वेळी आत्याला सांगायचीस तसं सांग मला. एवढं एकच वाक्य. काल चार वाजता ती चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘कमिंग, मम?’ वाक्य अगदी तोंडाशी आलं होतं. ती नाही म्हणाली तर काय करायचं ते मला सुचेना, म्हणून मी म्हटलं, तू हो पुढे, मी भात लावून येते.